त्र्याण्णव

माझ्या वडिलांना प्रेसमध्ये टिंबमास्तर म्हणायचे. दशांशाचं टिंब एक घर इकडचं तिकडे झालं, तर जेवताना दाताखाली खडा यावा तसं ते त्यांना लागायचं. ती प्रेस गोष्टी-कविता छापायची नाही. लॉगची कोष्टकं, वर्गमुळांची कोष्टकं, मूळ संख्यांच्या याद्या, असलं रूक्ष काम. पानभर आकडे, पान उलटलं की पुन्हा आकडे. "चुकीचा शब्द वाक्यात आपोआप उघडा पडतो, चुकीचा आकडा मात्र बरोबर आकड्यासारखाच दिसतो," हे बाबांचं ठेवणीतलं वाक्य. ठेवणीतलं म्हणायचं, पण रोज बाहेर काढायचे.

मी एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली लागले. बाबा हस्तलिखितातून मोठ्यानं आकडे वाचायचे आणि मी छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांसाठी स्वच्छ प्रत लिहायची. तिसऱ्याच महिन्यात मी घोळ घातला. बाबांनी वाचलं 'त्र्याण्णव' आणि मी लिहिलं ३९. हे कसं होऊ शकतं असं ज्यांना वाटेल त्यांनी एकदा दुपारी तीन वाजता, चारशेव्या ओळीला, हा आकडा ऐकून लिहून बघावा. आपल्या भाषेत एकं आधी बोलतात आणि दशक मागून येतं. कान 'त्र्या' ऐकतो, हात तीन लिहून मोकळा होतो, मग 'ण्णव' येतं आणि हात नऊ लिहितो. डोकं या भानगडीत कुठेच नसतं.

दोन हजार प्रती छापून झाल्यावर चूक सापडली. अशा वेळी चूकचिठ्ठी भरायची पद्धत होती. तळहाताएवढा कागद, त्यावर पान, ओळ, 'अमुक ऐवजी तमुक वाचावे', आणि तळाशी छापील ओळ: 'चूक वाचणाऱ्याची / लिहिणाऱ्याची. नको ते खोडावे.' मी कोपऱ्यात रडत बसले होते. बाबांनी कानावरची पेन्सिल काढली आणि 'लिहिणाऱ्याची' खोडलं.

"बाबा, चूक माझी आहे," मी म्हटलं.

"मी जोडीनं वाचलं. सुटं वाचायला हवं होतं. चूक वाचणाऱ्याची."

मी हट्टानं म्हटलं की मग मी ते पुन्हा लिहिते. त्यावर त्यांनी मला प्रूफाची एक खूण शिकवली. खोडलेलं परत हवं असेल तर पुन्हा लिहायचं नाही, खोडलेल्या शब्दाखाली ओळीनं टिंबं द्यायची. टिंबांचा अर्थ: राहू दे. खूण शिकवली आणि पेन्सिल मात्र माझ्या हातात दिली नाही. असा माणूस.

त्या दिवसापासून घरात आणि प्रेसमध्ये दोन नियम झाले. पहिला, आकडा सुटा वाचायचा: नऊ, तीन. दुसरा, जो आकडा आपल्या सोयीचा निघतो तो दोनदा तपासायचा, कारण गैरसोयीचा आपण तसाही तपासतोच. प्रेस बंद पडून आता वीस वर्षं होतील. खिळे वितळवले, मशीन भंगारात गेलं, नियम तेवढे आमच्या मानगुटीवर बसून राहिले.

आता त्या संख्येबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यामुळेच झालं. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. प्रेसला काम कमी असलं की बाबा प्रूफांच्या पाठकोऱ्या कागदांवर एक संख्या घेऊन बसायचे. ७३९३९१३३. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडली तर कशानंच तिला भाग जात नाही. तशा मूळ संख्या पैशाला पासरी. हिची गंमत वेगळी. हिचं शेपूट कापा, म्हणजे शेवटचा तीन काढून टाका. उरली ७३९३९१३, तीही मूळ. पुन्हा कापा, ७३९३९१, मूळ. मग ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, आणि शेवटी उरतो एकटा सात. कुठेही थांबा, जे उरलंय ते फुटत नाही. आणि उलट बाजूनं, हिच्या शेवटी आणखी एखादा आकडा चिकटवायला जाल तर शून्यापासून नऊपर्यंत कुठलाही लावा, लगेच फुटते. या जातीतली ही सगळ्यात मोठी, हिच्यापुढे रस्ता बंद. बाबांनी हजारावर भागाकार हातानं करून एका हिवाळ्यात याची खात्री करून घेतली. पुढे त्यांना कळलं की जगात हे आधीच माहीत होतं. "असू दे," ते म्हणाले, "मला कुठे माहीत होतं?"

मी दोरीवरच्या उड्या मारताना ती संख्या म्हणायची. तेव्हा सुट्या आकड्यांचा नियम व्हायचा होता, म्हणून मी ती पूर्ण वाचायची: सात कोटी, एकोणचाळीस लाख, एकोणचाळीस हजार, एकशे तेहतीस. चार दमांत बरोबर बसते. एकोणचाळीस हा शब्द माझ्या कानात तेव्हापासून त्या संख्येच्या नावानं ठाण मांडून बसला, आणि पुढे त्यानंच माझा घात केला.

बाबांना अर्धांगाचा झटका आला त्याला चौदा महिने झाले. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं पण तोकडं, चार शब्दांचा दम. चार शब्द झाले की थांबायचं, छाती भरून घ्यायची, मग उरलंसुरलं. आमच्या भाषेत दमायलासुद्धा आकडा लागतो, नाकी नऊ येतात म्हणतात. माझे नऊचे कधीच अठरा झाले होते. सकाळी पाचला उठून त्यांना पलंगावरून उचलायचं, पुसायचं, कपडे घालायचे, दुधात पाव कुस्करून भरवायचा, मग शेजारणीच्या भरवशावर सोडून पार्सल कार्यालयातली माझी खिडकी गाठायची. संध्याकाळी तेच सगळं उलट क्रमानं. माझी कंबर अशी धरायची की बुटाचे बंद बांधायला वाकले की परत वर येईन की नाही याची खात्री नसायची.

भाऊ लांब राहतो. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "ताई, तू ठरवशील ते. माझा पूर्ण पाठिंबा आहे." पाठिंबा म्हणे! उचलायला पाठ लागते, पाठिंबा घेऊन काय करू? पण त्याच्याशी भांडायलाही ताकद लागते, आणि ती मी बाबांना उचलण्यासाठी राखून ठेवायची.

शेवटी आम्ही शुश्रूषागृहात नाव घातलं. तिथे दोन सोयी होत्या. तळमजल्यावर स्वतंत्र खोली, खिडकी, बाहेर बाग, आपली पुस्तकं-कागद जवळ. डोकं शाबूत असलेल्यांसाठी. पण तिथे माणसं कमी, त्यामुळे उठवणं-निजवणं घरच्यांनी दोन वेळा येऊन करायचं. तिसरा मजला डोकं गेलेल्यांसाठी. तिथे सगळं तेच करतात, घरच्यांनी नुसतं भेटायला यायचं. दाराला आकड्यांचं कुलूप, दिवसभर टीव्ही, आणि टोकदार काही जवळ ठेवायचं नाही. पेन्सिलसुद्धा नाही. कुठला मजला ते तिथली डॉक्टर एक चाचणी घेऊन ठरवायची.

म्हणजे हिशेब सरळ होता. बाबांचं डोकं चालतंय असं ठरलं, तर त्यांना खिडकी आणि मला दोन बस बदलून रोजच्या दोन खेपा. नाही असं ठरलं, तर त्यांना कुलूप आणि मला झोप.

चाचणीच्या दिवशी डॉक्टर समोर बसली. मला मुलगी असती तर हिच्याच वयाची असती. चेहऱ्यावरून भली वाटली.

"आजोबा, आज वार कोणता?"

"कोणताही," बाबा म्हणाले. "सगळे सारखेच."

तिनं कागदावर शून्य मांडलं. खरं सांगायचं तर उत्तर बरोबर होतं.

आणखी पाच-सहा प्रश्न झाले. काही जमले, काही दमापायी अर्धे राहिले. मग ती म्हणाली, "आता शंभरातून सात वजा करा. जे येईल त्यातून पुन्हा सात. असं जमेल तितकं खाली या."

"त्र्याण्णव," बाबा लगेच म्हणाले. तिनं बरोबरची खूण केली. मला बरं वाटलं.

"छान. पुढे?"

बाबा थांबले. त्यांच्या तोंडाची डावी बाजू, जी अजून त्यांची आहे ती, जराशी हसली. काहीतरी आठवलं होतं.

"त्र्याहत्तर. त्र्याण्णव. एक्क्याण्णव. तेहतीस."

"नाही आजोबा, त्र्याण्णवमधून सात."

"त्र्याहत्तर. त्र्याण्णव..." पुन्हा तेच, त्याच क्रमानं.

ती लिहायला लागली तशी मी मध्ये पडले. "थांबा हो, ही त्यांची एक जुनी संख्या असणार." मी तिला शेपूट कापायची गोष्ट सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. असं कोण ऐकतं आजकाल?

"दोन गुणांनी तळमजला हुकतोय," ती म्हणाली. "मला गणितातलं काही कळत नाही. पण हे आकडे खरंच तुम्ही म्हणता तसे असतील, तर माणसाचं डोकं जागेवर आहे. मी तशी नोंद करीन आणि गुण देईन. नुसतीच बडबड असेल, तर मात्र मला वरचा मजला लिहावा लागेल. तुम्ही घरी तपासा आणि उद्या कळवा."

मी पर्समधून कागद काढला. "बाबा, एकदा सांगा, लिहून घेते."

बाबांनी तिसऱ्यांदा सांगितलं. जोडीनंच. आठ सुटे आकडे म्हणायला त्यांच्याजवळ दम नव्हता, चार शब्दांचा होता, म्हणून स्वतःचा नियम मोडून सांगत होते. मी लिहिलं: ७३ ३९ ९१ ३३. कागद त्यांच्यासमोर धरला.

"बरोबर ना?"

ते कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी वाकून उभी होते आणि एक हात कमरेवर होता.

"राहू दे," म्हणाले आणि डोळे मिटले. दमले असतील असं मला वाटलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरला. फोनमध्ये सगळं करता येतं, पण टिंबमास्तरांच्या पोरीनं फोनवर भागाकार करायचा म्हणजे नाक कापून घेणंच. सात मूळ. त्र्याहत्तर मूळ. ७३३ ला दोन, तीन, पाच, सात करत तेवीसपर्यंत भागून पाहिलं, हललं नाही. मूळ. मग ७३३९. बरीच मागे लागले होते तिच्या. एक्केचाळीसनं भागलं आणि बाकी शून्य आली. ४१ गुणिले १७९. चौथ्या आकड्यालाच फुटली.

मला हायसं वाटलं. हे मी लपवत नाही. हायसं वाटलं आणि लाज मागच्या बसनं आली, नऊ दिवसांनी. दुसरा नियम आठवला होता. सोयीचा आकडा दोनदा तपासायचा. मी भागाकार दोनदा तपासला, तिसऱ्यांदाही तपासला. ज्या आकड्याला भागत होते तो आकडा तपासला नाही. दोरीवरची ओळ एकदा म्हणून पाहिली असती तरी पुरलं असतं. कागदावरचे ते ३९ बघून मनात कुठेतरी 'एकोणचाळीस, हो, हाच' असं वाजलं, आणि मी त्या वाजण्यावर भागवलं. मला भागवायचंच होतं.

सकाळी डॉक्टरला फोन केला. "नाही हो, नाही जमत. चौथ्या आकड्याला फुटते. एक्केचाळीस गुणिले एकशे एकोणऐंशी."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला अर्थ नाही."

"बरं," ती म्हणाली. "वाईट वाटलं." आणि बाबा तिसऱ्या मजल्यावर गेले. त्यांची पेन्सिल दारातच काढून घेऊन माझ्या हातात दिली.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझे बरोबर नऊच झाले. मी आठ-आठ तास झोपले. खाली वाकून परत वर यायला लागले. पाचव्या दिवशी भेटायला गेले तेव्हा बाबा टीव्हीसमोरच्या रांगेत बसले होते आणि माझ्याकडे बघून मान हलवली, तक्रार नाही. मजल्यावरच्या मावशींनी मला दारापाशी गाठलं.

"तुमचे वडील दार उघडताना मला रोज म्हणतात, एकोणीसनं जातो. कुठे जायचंय हो त्यांना? एकोणीस नंबरची बस आहे का तुमच्या घराकडे?"

"नाही," मी म्हटलं. "चोवीस नंबर येते."

"मग जुनी काहीतरी आठवण असेल. आम्ही फाइलमध्ये लिहिलंय, पळून जायचं मनात आहे म्हणून. लक्ष ठेवतो, तुम्ही काळजी करू नका."

मी त्यांचे आभार मानले. आभार! बसमध्ये बसून स्वतःला सांगितलं की बघ, डोकं गेलंच आहे, तू काही चुकीचं केलं नाहीस.

नवव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, खिडकीवर एक शिंपी आला. त्याच्या शिलाई मशीनचा कुठलासा भाग आमच्याकडे अडकून पडला होता. चिठ्ठी घरी विसरला होता, पण पार्सल क्रमांक पाठ होता.

"बावन्न, त्र्याण्णव, अठरा," तो म्हणाला. मी मशीनवर ठोकलं. असा क्रमांक नाही. पुन्हा ठोकलं. नाही.

"नीट आठवा हो, असा क्रमांकच नाही."

शिंप्यानं काचेतून मान आत घातली आणि पडद्याकडे पाहिलं. "बाई, मी त्र्याण्णव म्हणतोय. नव्वद आणि तीन. तुम्ही एकोणचाळीस मारताय."

माझा हात मशीनवरच राहिला. रांगेत सात-आठ माणसं होती आणि कोणीतरी मागून 'चला की' म्हणालं. मी पावतीपुस्तकातली एक कोरी पावती फाडली आणि उलट बाजूवर लिहायला लागले. ओठांनी दोरीवरची ओळ म्हणत होते, पन्नाशी उलटलेली बाई, खिडकीत बसून. सात कोटी, एकोणचाळीस लाख, एकोणचाळीस हजार, एकशे तेहतीस. ७,३९,३९,१३३. त्याखाली लिहिलं: त्र्याहत्तर, त्र्याण्णव, एक्क्याण्णव, तेहतीस. ७३ ९३ ९१ ३३. आकडे तेच. स्वल्पविराम सोडले तर आठच्या आठ तेच. बाबांनी काही चुकीचं सांगितलंच नव्हतं.

७३९३ ला एक्केचाळीसनं भागून पाहिलं. एकशे ऐंशी वेळा गेला, तेरा उरले. फुटली नाही.

मग माझ्या डोक्यात दुसरं काहीतरी शिरलं. तिसऱ्या मजल्याच्या दाराचं कुलूप. मावशी आडोसा न करता बटणं दाबतात, मीही पाहिली होती: २५८४. पावतीच्या कडेला भागाकार मांडला. एकोणीस एके एकोणीस, करत करत एकशे छत्तीस. बाकी शून्य. एकोणीसनं जातो. बाबांना कुठेच जायचं नव्हतं. दाराचा आकडा त्यांनी बसल्या जागी फोडला होता आणि ते रोज मावशींना सांगत होते. आणि आम्ही ती बस समजत होतो.

"माझं पार्सल?" शिंपी म्हणाला.

त्याला पार्सल दिलं, त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "अहो, एवढं काय त्यात, होतं असं." मी खिडकी बंद केली आणि साहेबांना बरं वाटत नाही म्हणून सांगितलं. खोटं नव्हतं.

डॉक्टरपुढे पावती आणि पर्समध्येच राहिलेला तो जुना कागद ठेवला. तिनं आधी माझा जुना कागद पाहिला, मग नवा, मग स्वतः दोन्हींवर बोट ठेवून आकडे जुळवले. कुलपाची गोष्ट ऐकून ती मोठ्यानं हसली आणि मग एकदम थांबली.

"मी आजच फाइल दुरुस्त करते," ती म्हणाली. "पण तळमजल्यावरची ती खोली परवा दुसऱ्यांना दिली. आता पुढची रिकामी होईल तेव्हा."

"कधी होईल?"

तिथल्या खोल्या कशा रिकाम्या होतात हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"चुकीबद्दल काहीतरी लेखी द्या," ती म्हणाली. "फाइलला लावायला लागेल. साधं चार ओळींचं."

मी तिच्या टेबलावरच तळहाताएवढा कागद मागून घेतला. किती वर्षांनी, पण हात विसरला नव्हता. ओळ पहिली, ३९ ऐवजी ९३ वाचावे. तळाशी लिहिलं: चूक वाचणाऱ्याची / लिहिणाऱ्याची. आणि पर्समधून बाबांची पेन्सिल काढून 'वाचणाऱ्याची' खोडलं.

वर गेले तेव्हा बाबा टीव्हीकडे पाठ करून बसले होते. मी स्टूल ओढून समोर बसले आणि चिठ्ठी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी वाचली. आकडा वाचताना त्यांचे ओठ हलतात, तसे हलले. सुटे. नऊ, तीन.

"बाबा, मी चुकीचं लिहिलं आणि चुकीचं तपासलं," मी म्हटलं. "आणि मला ते चुकलेलंच हवं होतं. मला झोप हवी होती. तुम्हाला इथे मी आणलं."

त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. छाती भरून घेतली.

"माहीत आहे. तेव्हाच दिसलं."

मला आधी कळलंच नाही. मग तो दिवस डोळ्यांपुढे आला. कागदाकडे ते बराच वेळ बघत होते. ज्या माणसाला सरकलेलं टिंब दिसायचं, त्याला समोर धरलेले ३९ दिसले नसतील?

"दिसलं होतं? मग बोलला का नाहीत? एक शब्द बोलला असतात तर आज खाली असतात तुम्ही!" मी ओरडलेच असणार, कारण टीव्हीसमोरची दोन डोकी वळली.

बाबांनी पुन्हा दम घेतला. या वेळी जास्त वेळ लागला.

"तुझी पाठ," ते म्हणाले. थांबले. "तुझी पाठ बघितली."

मी रडले. चौदा महिन्यांत रडायला वेळ झाला नव्हता, तो सगळा तिथे निघाला. बाबा वाट बघत होते. मी नाक पुसलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि बोटं हलवली. पेन्सिल मागत होते. मी दिली. डाव्या हातानं त्यांना अजून नाव लिहिता येत नाही, एक सरळ रेघही मारता येत नाही. चिठ्ठी मी धरून ठेवली. त्यांनी खोडलेल्या 'वाचणाऱ्याची' खाली, एक एक करून, प्रत्येकासाठी श्वास घेत, ओळीनं टिंबं दिली.

"मग दोघांचीही राहते ना, बाबा. नियमात बसत नाही."

त्यांनी मान हलवली. बसू दे की न बसू दे, ते कळलं नाही.

मी त्यांना सांगितलं की उद्यापासून सकाळ-संध्याकाळ येते, खोली मिळो न मिळो. त्यांनी डोळे मिटले. दाराशी मावशी उभ्या होत्या, त्यांनी लांबूनच पेन्सिल पाहिली.

"आजोबा, ती इथे ठेवता येत नाही बरं का. द्या बघू इकडे."

बाबांनी डोळे न उघडता पेन्सिल डाव्या कानावर अडकवली, आणि दिली नाही.